करडा पडदा, विस्कटलेला मारिओ: आठ बिटांच्या व्हिडिओ गेममधला परत परत येणारा बिघाड

कॅसेट लावून बटण दाबले की पडदा नुसता करडा दिसतो, किंवा संगीत व्यवस्थित वाजते पण मारिओच्या जागी विटांचे तुकडे धावताना दिसतात. मग कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची आणि खेळ सुरू झाला की बिघाड गेला असे समजायचे, हा क्रम ज्यांच्या घरी असा व्हिडिओ गेम होता त्यांना नव्याने सांगायला नको. आठवड्याभरात तोच बिघाड परत येतो, कारण फुंकरीने तो गेलेलाच नसतो. कॅसेट काढून पुन्हा बसवताना तिच्या पट्ट्या खाचेतल्या पिनांवर घासल्या जातात, थोड्या वेगळ्या जागी टेकतात आणि तेवढ्यापुरता संपर्क जुळतो; यश मात्र फुंकरीच्या खात्यावर जमा होते. उलट श्वासातला ओलावा त्या पट्ट्यांवर बसतो आणि पुढच्या खेपेचा बिघाड तयार करून ठेवतो. हे यंत्र मूळ बनवणाऱ्या निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या सूचनांमध्ये कॅसेटमध्ये किंवा यंत्रात फुंकू नये, असे बजावले होते. ते कोणी मनावर घेतले नाही, ही गोष्ट वेगळी.

ज्यांनी जुने यंत्र माळ्यावरून खाली काढले आहे आणि ज्यांना ते महिनाभर तरी विनातक्रार चालावे असे वाटते, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. माझा आग्रह एकच आहे: पेचकस हातात घेण्यापूर्वी पडदा नीट वाचावा. या यंत्राची रचना अशी आहे की बिघाड बहुतेक वेळा आपला पत्ता पडद्यावरच लिहून ठेवतो.

यंत्राची ओळख, कामापुरती

निन्टेन्डोचे फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आले. त्याच्या कॅसेटला ६० संपर्क, म्हणजे खाचेतल्या पिनांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, होते. अमेरिकेत १९८५ मध्ये तेच यंत्र वेगळ्या पेटीत आणि ७२ संपर्कांच्या खाचेसह एनईएस या नावाने आले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला जपानमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स प्रसिद्ध झाला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात ज्याला नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हटले जाई, ती बहुतेक यंत्रे फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि त्यांची खाच ६० संपर्कांचीच असे. त्यामुळे इथले बरेचसे विवेचन त्या यंत्रांना धरून आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या एनईएसचा निराळेपणा त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

या यंत्रात स्वतःचा असा सुरुवातीचा प्रोग्रॅम नसतो. विजेचे बटण दाबताच प्रोसेसर कॅसेटमधल्या एका ठरलेल्या जागेवरून दोन बाइट वाचतो आणि त्या दोन बाइटांत जो पत्ता मिळेल तिथून काम सुरू करतो. आठ डेटा-संपर्कांपैकी एक जरी टेकला नाही, तर तो पत्ता चुकीचा वाचला जातो आणि प्रोसेसर भलतीकडेच निघून जातो. दुसरी गोष्ट अशी की, प्रोग्रॅम आणि चित्रे यांचे मार्ग पूर्णपणे वेगळे आहेत. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ३२ किलोबाइटचा प्रोग्रॅम आहे आणि ८ किलोबाइटची चित्रे आहेत. प्रोग्रॅम प्रोसेसर वाचतो, तर चित्रे पडदा रंगवणारी वेगळी चिप वाचते. फॅमिकॉमच्या ६० संपर्कांत कडेच्या एका अर्ध्या भागात प्रोग्रॅमचे संपर्क आहेत आणि दुसऱ्या अर्ध्यात चित्रांचे. निदानाचे निम्मे काम या एका गोष्टीने होते.

पडदा काय सांगतो

पडदा एकाच रंगाचा आहे, संगीत नाही, बटणांना प्रतिसाद नाही, अशा वेळी प्रोग्रॅमच्या बाजूचा संपर्क तुटला आहे किंवा कॅसेटला पुरेशी वीज मिळत नाही, असे समजावे. संगीत चालू आहे, बटण दाबले की उडी मारल्याचा आवाजही येतो, पण चित्र ओळखू येत नाही, अशा वेळी प्रोग्रॅम शाबूत आहे आणि दोष चित्रांच्या बाजूला आहे. चित्र स्वच्छ आहे पण आवाज अजिबात नाही, हा तिसरा प्रकार अनेकांना चकवतो आणि लोक टीव्हीच्या वायरी बदलत बसतात. फॅमिकॉममध्ये आवाज एका संपर्कातून कॅसेटमध्ये जातो आणि शेजारच्या संपर्कातून परत बाहेर येतो. त्या दोन पट्ट्यांपैकी एक मळलेली असेल, तर खेळ मुका होतो. एनईएसमध्ये आवाज असा कॅसेटमधून फिरत नाही, म्हणून तिथे ही शक्यता धरू नये.

विस्कटलेल्या चित्रातही फरक असतात आणि ते पाहण्यासारखे आहेत. पडद्यावरचे सगळे चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनलेले असते. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये असे ५१२ तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा १६ बाइटांचा आहे. प्रत्येक आडव्या ओळीला दोन बाइट लागतात आणि एका बाइटात त्या ओळीच्या आठही ठिपक्यांचा एकेक बिट असतो, म्हणजे चित्रांच्या आठ डेटा-संपर्कांपैकी प्रत्येकाकडे तुकड्यातला एक उभा स्तंभ असतो. एक संपर्क गेला की प्रत्येक तुकड्यातला तोच स्तंभ बिघडतो आणि पडद्यावर दर आठ ठिपक्यांवर उभ्या रेघा दिसू लागतात, जणू गजांच्या खिडकीतून खेळ पाहत आहोत. अशा रेघा दिसल्या तर आनंद मानावा, कारण साठांपैकी फक्त एकच पट्टी रुसली आहे.

पत्त्याची रेषा, म्हणजे कोणता तुकडा वाचायचा हे सांगणारा संपर्क, तुटली तर मात्र रेघा दिसत नाहीत. तुकड्यांचीच अदलाबदल होते. एकदा माझ्या पडद्यावर वरच्या ओळीत मारिओच्या नावातल्या ‘आर’ अक्षराच्या जागी ‘क्यू’ आले होते, ‘टाइम’ या शब्दाच्या सुरुवातीला ‘टी’ ऐवजी ‘एस’ होते आणि पहिल्याच फेरीचा क्रमांक १-१ ऐवजी ०-० दिसत होता. आधी मला वाटले की कॅसेटच बनावट आहे. मग लक्षात आले की या खेळात शून्य ते नऊ हे आकडे आणि त्यापुढे इंग्रजी अक्षरे ओळीने क्रमांक लावून ठेवलेली आहेत आणि माझ्या पडद्यावर प्रत्येक विषम क्रमांकाचा तुकडा त्याच्या आधीच्या सम क्रमांकाच्या तुकड्याने बदलला आहे. म्हणून एकाचे शून्य झाले होते, आणि ‘एम’, ‘ए’, ‘आय’, ‘ओ’ ही सम क्रमांकांची अक्षरे जागच्या जागी होती. याचा अर्थ तुकड्याचा क्रमांक ० आणि १ यांच्याच भाषेत लिहिला की त्यातला शेवटचा, सम-विषम ठरवणारा अंक वाहणारी एकच रेषा शून्यावर अडकली होती. कॅसेट उघडून पाहिली, तर त्या पट्टीवर हिरवट थर होता.

आणखी एक लक्षण विशेषतः डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या खेळांतच कळते. सुरुवातीचा पडदा अगदी नीट असतो, पण मारिओ पुढे चालू लागला की उजवीकडून नवा प्रदेश येण्याऐवजी मागचीच झुडपे आणि नळ तुकड्यातुकड्यांनी परत येतात. यंत्रात पडद्याच्या दोन पाटीइतकी जागा असते. खेळ एक पाटी दाखवत असताना दुसरीवर पुढचे दृश्य लिहितो. त्या दोन पाट्या शेजारी शेजारी मांडायच्या की एकीखाली एक, हे कॅसेट एका संपर्काद्वारे ठरवते. तो संपर्क सैल झाला की दोन पाट्यांचा घोळ होतो. एकाच पडद्यावर चालणाऱ्या खेळांमध्ये हा दोष बराच काळ लपून राहू शकतो.

खेळ थिजण्याचे कारणही कधी कधी चित्रांच्याच बाजूला असते, हे मला फार उशिरा कळले. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये गुण दाखवणारी वरची पट्टी स्थिर राहते आणि खालचे दृश्य सरकते. ही विभागणी कुठे करायची हे कळण्यासाठी प्रोग्रॅम वरच्या नाण्याच्या चिन्हापाशी ठेवलेल्या एका छोट्या आकृतीचा ठिपका पार्श्वभूमीच्या ठिपक्यावर येण्याची वाट पाहतो. चित्रे इतकी बिघडली की ते दोन ठिपके एकमेकांवर येतच नाहीत, तर प्रोग्रॅम वाट पाहत तिथेच अडकतो. तेव्हा चित्र विस्कटलेले असताना खेळ थिजला, तर दोन बिघाड आहेत असे समजून घाबरू नये.

पडदा लुकलुकत असेल तर

दर सेकंदाला एकदा पडदा आणि लाल दिवा दोन्ही लुकलुकतात, ही तक्रार पुढून कॅसेट सरकवण्याच्या मूळ एनईएसची आहे. त्या यंत्रात आणि प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये एकेक कुलूप-चिप (अनधिकृत कॅसेट रोखणारी चिप) बसवलेली असते. दोघींचा संवाद जुळला नाही की यंत्रातली चिप प्रोसेसरला पुन्हा पुन्हा सुरुवातीला ढकलते. म्हणजे खेळाचे सगळे संपर्क ठीक असून केवळ या चिपच्या पट्ट्या मळल्या असतील, तरीही खेळ सुरू होत नाही. त्यातच कॅसेट आत ढकलून खाली दाबण्याची रचना असल्यामुळे खाचेतल्या पिना वर्षानुवर्षे वाकत जातात आणि सैल होतात.

यावर आधी कॅसेट साफ करावी. मग यंत्र उघडून ७२ पिनांचा जोड बाहेर काढावा, तो स्वच्छ पाण्यात काही मिनिटे उकळावा आणि पूर्ण दिवसभर वाळवून पुन्हा बसवावा. ऐकायला हा प्रकार भाजी उकडण्यासारखा वाटतो, पण पिनांवरचा जुना थर त्याने खरोखर सुटतो. नवे जोड विकत मिळतात. मात्र त्यांतले काही कॅसेटला इतके घट्ट पकडतात की ती काढताना दोन्ही हात लागतात, म्हणून मूळ जोड वाचत असेल तर तोच वाचवावा, असे माझे मत आहे. यंत्रातल्या कुलूप-चिपचा चौथा पाय उचलला की लुकलुकणे कायमचे थांबते. हा उपाय शेवटचा समजावा आणि सोल्डरिंगचा सराव नसेल तर करू नये. १९९३ मध्ये आलेल्या, वरून कॅसेट लावण्याच्या एनईएसमध्ये हे कुलूपच नव्हते. फॅमिकॉममध्येही नव्हते, म्हणून त्याच्या नकलांचा पडदा असा लुकलुकला तर संशय विजेवर घ्यावा.

साफसफाई

आधी दोष कॅसेटमध्ये आहे की यंत्राच्या खाचेत, हे ठरवावे. तीन-चार कॅसेट लावून पाहाव्यात. सगळ्यांत एकसारखाच दोष दिसला, उदाहरणार्थ उभी रेघ प्रत्येक खेळात त्याच स्तंभावर आली, तर खाच दोषी आहे. एकाच कॅसेटमध्ये दोष असेल तर अर्थातच ती कॅसेट.

कॅसेटचे कवच उघडणे शक्य असेल तर उघडावे. फॅमिकॉमच्या कॅसेट नुसत्या खटक्यांवर बंद असतात, त्यामुळे कडेच्या फटीत पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवली की सुटतात. एनईएसच्या बहुतेक कॅसेटना ३.८ मिलिमीटरचा खास पेचकस लागतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला ते लोक ‘आयपीए’ म्हणतात, कापसाच्या काडीवर घ्यावे आणि काडी पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने वरून खाली फिरवावी. आडवी घासू नये, नाहीतर एका पट्टीचा मळ दुसरीवर जातो. पहिली काडी काजळासारखी काळी निघेल, दुसरी राखाडी, चौथी-पाचवी पांढरी. पांढरी निघेपर्यंत थांबू नये. लोक नेमके इथेच कंटाळतात आणि बिघाड परत आला म्हणून तक्रार करतात.

पट्ट्यांवर हिरवट डाग असेल, तर तो मळ नव्हे. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, त्याच जातीचा तो प्रकार आहे. वरचा पातळ मुलामा गेला की खालच्या तांब्यावर दमट हवा आपले काम करते. कोकणात आणि गोव्यात एका पावसाळ्यात तो पुन्हा दिसू शकतो. त्यावर मऊ, पांढरे खोडरबर दोन-चार वेळा हलक्या हाताने फिरवावे आणि लगेच अल्कोहोलने चुरा पुसावा. पॉलिश पेपर, ब्लेड किंवा भांड्यांची पावडर यांना हात लावू नये. उरलासुरला मुलामा त्याने जातो आणि त्यानंतर ती कॅसेट दर महिन्याला गंजते.

खाच साफ करताना यंत्राची वायर भिंतीतून काढलेली असावी. जुने एटीएम कार्ड पातळ सुती कापडात गुंडाळावे, कापडाला अल्कोहोलचा ओलसर स्पर्श द्यावा आणि कॅसेट बसवतो तसे ते दहा-बारा वेळा आतबाहेर करावे. एखादी पिन खोल गेलेली दिसली तर सुईने अर्धा मिलिमीटर पुढे आणता येते; जास्त ओढली तर ती शेजारणीला टेकते. अर्धा तास वाळू द्यावे, मगच वीज लावावी.

वीज

संपर्क स्वच्छ करूनही खेळ दहा-पंधरा मिनिटांनी थिजत असेल, किंवा पडद्यावर आडवे पट्टे हळूहळू वर सरकत असतील, तर दोष विजेत शोधावा. या यंत्रांत बाहेरून येणारी वीज ७८०५ नावाचा भाग ५ व्होल्टवर आणतो. मल्टिमीटरने त्याच्या बाहेरच्या पायावर ४.७५ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर अ‍ॅडॉप्टर थकला आहे किंवा तो भाग. पट्टे सरकत असतील तर वीज गाळणारा मोठा कपॅसिटर सुकला असण्याची शक्यता अधिक असते.

अ‍ॅडॉप्टरच्या बाबतीत मात्र अंदाजाने काही करू नये. एनईएसचा मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट एसी देतो, फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागते आणि तीही पिनेच्या आत ऋण, बाहेर धन अशी. एनईएसचा अ‍ॅडॉप्टर फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉम जळू शकते. माझ्या हातून याच जातीची चूक झाली आहे. व्होल्ट जुळतात एवढेच पाहून मी इंटरनेटच्या राउटरचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर जुन्या यंत्राला लावला. त्याची धन-ऋण बाजू उलटी होती. दोन सेकंदांत जळका वास आला आणि ७८०५ बदलावा लागला. तेवढ्यावर निभावले. परदेशातून आणलेल्या यंत्राचा अ‍ॅडॉप्टर अमेरिकेच्या १२० किंवा जपानच्या १०० व्होल्टसाठी असतो. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नये.

जे बिघाड नव्हेत

काही तक्रारी दुरुस्तीच्या नसतात. एका आडव्या ओळीवर आठपेक्षा जास्त हलत्या आकृती आल्या की यंत्र बाकीच्या दाखवत नाही, म्हणून मेगा मॅन २ सारख्या खेळांत गर्दीच्या वेळी शत्रू लुकलुकतात. सुपर मारिओ ब्रदर्स ३ मध्ये चालताना पडद्याच्या उजव्या कडेला चुकीच्या रंगांचे ठोकळे दिसतात. ते मूळ जपानी कॅसेटमध्येही दिसतात. पहिल्या खेळात भिंतीतून घुसून पाण्याखालच्या कधीही न संपणाऱ्या ‘उणे एक’ फेरीत जाता येते, ती प्रोग्रॅममधली चूक आहे, पिनांची नव्हे.

“लहानपणी मला हा खड्डा सहज उडी मारून ओलांडता येत होता, आता प्रत्येक वेळी पडतो” अशीही तक्रार ऐकू येते. यात वयाचा दोष असेलही, पण आधी एक मोजमाप करावे. आपल्याकडच्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकला सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवत, मूळ यंत्र ६० वेळा. खेळाची गती त्यालाच बांधलेली असल्यामुळे आपला मारिओ सुमारे १७ टक्के सावकाश धावत असे. वरच्या कोपऱ्यातले घड्याळ पडदा दर २४ वेळा रंगवला की एकाने कमी होते, तेव्हा ४०० चे ३०० होण्यास ४० सेकंद लागले तर यंत्र ६० च्या गतीचे आहे आणि ४८ लागले तर ५० च्या. सवय एका गतीची आणि यंत्र दुसऱ्या गतीचे असेल तर उड्या चुकणारच. नव्या एलसीडी टीव्हीवर चित्र दाखवण्यात होणारा उशीर यात भर घालतो. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करावा. उडीचे बटणच कधी लागते, कधी लागत नाही, असे असेल तर रिमोट उघडून रबराखालचे काळे गोल आणि त्यांच्यासमोरच्या पट्ट्या अल्कोहोलने पुसाव्यात. यंत्राच्या तोंडाशी वाकून वाकून तुटलेली वायर हे त्याचे दुसरे नेहमीचे कारण आहे.

हे सगळे करूनही एखादी कॅसेट बोलत नसेल तर ती उघडून आतली सर्किटची पाटी पाहावी. मूळ कॅसेटमध्ये पायांच्या चिपा असतात. त्यांच्या पायांवरची झाळ भिंगाखाली पाहून तडा दिसला तर पुन्हा सोल्डर करता येते. ‘९९९९९९ इन १’ सारख्या स्वस्त कॅसेटमध्ये बहुधा काळ्या डांबरासारखा एक गोल थेंब असतो आणि चिप त्याखाली बंद असते. त्या थेंबावर अंगठ्याने हलका दाब दिल्यावर खेळ सुरू होत असेल आणि सोडल्यावर बंद पडत असेल, तर तडा थेंबाच्या आत आहे आणि घरी त्यावर उपाय नाही. ती पाटी बाजूला ठेवावी. तिचे कवच आणि खटके दुसऱ्या कॅसेटला उपयोगी पडतात.